विद्यार्थ्यांचे पहिले हायब्रिड इंजिन: कामाची सुरुवात टाकी आणि नळ्यांपासून

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी नुकताच रॉकेट क्लब सुरू केला आहे. नायट्रस ऑक्साइड हा ऑक्सिडायझर (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) आणि घन इंधन वापरणारे 1,000 न्यूटन थ्रस्टचे (ढकलणाऱ्या जोराचे) हायब्रिड इंजिन एका शैक्षणिक वर्षात बांधून चालवून पाहण्याचा त्यांचा बेत आहे. हायब्रिड हा प्रकार सुरक्षित समजला जातो म्हणून त्यांनी तो निवडला. आता कामाला हात कोठून घालावा, टाकी स्वतः बनवावी का, चाचणी कशी घ्यावी आणि दर वर्षी अनुभवी विद्यार्थी बाहेर पडत असताना मिळवलेले ज्ञान टिकवावे कसे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

विद्यार्थ्यांच्या अशा क्लबांबरोबर मी बरीच वर्षे चाचणीच्या जागेवर काम करत आलो आहे, आणि माझे उत्तर असे की इंजिन तुम्हाला नक्की जमेल, परंतु ज्याला तुम्ही इंजिन म्हणत आहात तो ज्वलनकक्ष व नॉझल (तप्त वायू बाहेर सोडणारे तोंड) हा या कामाचा लहान भाग आहे. मेहनत, खर्च आणि धोका हे तिन्ही मुख्यतः ऑक्सिडायझरच्या टाकीत, नळ्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये असतात. बहुतेक नवे क्लब पहिले सहा महिने नॉझलच्या आकारावर आणि संगणकावरील ज्वलनाच्या गणितावर घालवतात आणि नळ्यांचे काम शेवटच्या महिन्यात घाईने उरकतात. तुम्ही हा क्रम उलटा लावावा, एवढेच मला प्रामुख्याने सांगायचे आहे; पुढचे सर्व त्याचेच स्पष्टीकरण आहे.

हायब्रिडला सुरक्षित म्हटले जाते ते अगदीच निराधार नाही. इंधन आणि ऑक्सिडायझर प्रज्वलनाच्या क्षणापर्यंत एकमेकांपासून वेगळे राहतात. इंधनाचा ग्रेन, म्हणजे मधे भोक असलेला ठोकळा, नुसते रबर, प्लॅस्टिक किंवा मेण असते आणि ते लेथवर कातता येते. इंधन आणि ऑक्सिडायझर एकाच घन ठोकळ्यात मिसळलेल्या मोटरमध्ये ग्रेनला तडा गेला तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढून कक्ष फुटू शकतो, तर हायब्रिडमध्ये ज्वलनाचा वेग ऑक्सिडायझरच्या प्रवाहावर अवलंबून असल्यामुळे तड्याचा परिणाम सहसा तितका घातक होत नाही, आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद केला की इंजिन थांबते. ही कल्पना जुनीही आहे. सोव्हिएत संघात 17 ऑगस्ट 1933 रोजी उडालेल्या गिर्द-09 या रॉकेटमध्ये घट्ट केलेले पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन वापरले होते. 2004 मध्ये स्पेसशिपवन या यानाने हायब्रिड इंजिनाच्या बळावर वैमानिकाला 100 किलोमीटरच्या वर नेले. विद्यार्थ्यांच्या बाबतीत बोलायचे तर नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांचे स्ट्रॅटोस 2 प्लस 2015 मध्ये साडेएकवीस किलोमीटरपर्यंत पोहोचले आणि जर्मनीतील स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचे हिरोस 3 नोव्हेंबर 2016 मध्ये स्वीडनमधील एसरेंज येथून 32 किलोमीटरच्या वर गेले. या दोन्ही रॉकेटांत ऑक्सिडायझर म्हणून नायट्रस ऑक्साइडच होता.

परंतु याच क्षेत्रातील सर्वांत दुःखद अपघातही प्रत्येक सदस्याला माहीत असला पाहिजे. 26 जुलै 2007 रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी येथे स्केल्ड कंपोझिट्स या कंपनीच्या चाचणीस्थळावर नायट्रस ऑक्साइडच्या शीत प्रवाह चाचणीच्या वेळी स्फोट झाला. त्यात तिघांचा मृत्यू झाला आणि तिघे जखमी झाले. त्या दिवशी इंजिन पेटवायचेच नव्हते. इंजेक्टरमधून, म्हणजे कक्षात ऑक्सिडायझर सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या भागातून, प्रवाह कसा वाहतो एवढेच मोजायचे होते. म्हणून 'आज फक्त नळ्या तपासायच्या आहेत, आग लावायची नाही' असे वाक्य क्लबमध्ये कोणी उच्चारले तर त्याला तेथेच थांबवावे, आणि टाकीत नायट्रस असेपर्यंत इंजिन पेटवताना जेवढे अंतर आणि जेवढी आडभिंत लागते तेवढीच शीत चाचणीलाही ठेवावी.

नायट्रस ऑक्साइड हा वागायला सौम्य वाटणारा पदार्थ आहे. तो फारसा विषारी नाही, सामान्य तापमानाला स्थिर असतो आणि स्वतःच्याच बाष्पदाबाने टाकीबाहेर पडतो, त्यामुळे वेगळा पंप लागत नाही. मात्र त्याच्या रेणूचे नायट्रोजन व ऑक्सिजनमध्ये विघटन होताना प्रत्येक मोलमागे सुमारे 82 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. द्रवात हे विघटन सहजासहजी पसरत नाही, पण टाकीच्या वरच्या भागातल्या वाफेत ते एकदा सुरू झाले तर दाब इतक्या वेगाने वाढू शकतो की जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हला उघडायलाही वेळ मिळत नाही. विघटनाला निमित्त पुरवणाऱ्या गोष्टी ओळखीच्या आहेत: नळीत राहिलेले कटिंग ऑइल, साधे ग्रीस, गंज, झटकन उघडलेल्या व्हॉल्व्हमुळे बंद टोकाशी दाबला जाऊन तापलेला वायू, आणि प्रवाह मंदावल्यावर इंजेक्टरमधून मागे शिरलेल्या ज्वाला. म्हणून प्रत्येक जोड, नळी आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी करतात तितक्या काटेकोरपणे धुऊन, वाळवून, पिशवीत बंद करून ठेवावा. वंगण लागलेच तर फ्लोरिनयुक्त ग्रीस वापरावे. आणि टाकी भरण्याची नळी सावकाश उघडणाऱ्या व्हॉल्व्हने भरावी.

तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. 20 अंश सेल्सिअसला नायट्रसचा बाष्पदाब सुमारे 50 बार (हवेच्या दाबाच्या जवळपास 50 पट) असतो आणि 30 अंशांना तो सुमारे 63 बारवर जातो, 36.4 अंशांच्या पुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. दाब वाढत असताना द्रवाची घनता उतरते, 20 अंशांना घनमीटरला 790 किलोच्या आसपास असलेली घनता 30 अंशांना 690 च्या जवळ येते. याचा अर्थ असा की सकाळी बेताने भरलेली टाकी दुपारच्या उन्हात द्रवाने काठोकाठ भरू शकते, आणि वर वाफेची गादी उरली नाही की तापमानाच्या पुढच्या प्रत्येक अंशाबरोबर दाब भयंकर वेगाने चढतो. टाकीवर सावली असावी, तिचे तापमान नोंदवले जावे, आणि वरच्या झाकणातून आत उतरणाऱ्या व्हेंट (वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीची लांबी अशी ठेवावी की टाकीत वाफेसाठी ठरावीक जागा नेहमी शिल्लक राहील. भरणी चालू असताना व्हेंटमधून आधी विरळ, जवळजवळ पारदर्शक वायू निघतो; द्रव नळीच्या टोकाला लागला की तोच फवारा एकाएकी दाट पांढरा होतो. ही खूण कॅमेऱ्यात स्वच्छ दिसते आणि वजनकाट्याच्या आकड्याशी ती पडताळून पाहता येते.

द्रव दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकणार नाही, याची खात्री आराखड्यावर बोट ठेवून एकेका नळीसाठी करावी. जेथे अडकू शकतो तेथे रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. बॉल व्हॉल्व्हच्या बाबतीत ही जागा डोळ्यांना दिसत नाही, कारण बंद स्थितीत बॉलच्या पोकळीतच थोडा द्रव राहतो आणि तापल्यावर सील फोडतो. त्यासाठी बॉलला टाकीच्या बाजूने एक बारीक छिद्र पाडतात किंवा तसा तयार व्हॉल्व्ह घेतात. वीज गेली किंवा संदेश तुटला तर मुख्य व भरणीचे व्हॉल्व्ह बंद व्हावेत आणि टाकी रिकामी करणारा व्हेंट आपोआप उघडावा. हे केवळ कागदावर न ठेवता रिकाम्या टाकीवर प्रत्यक्ष तार काढून पाहावे.

आता आकारमानाकडे येऊ. पहिल्या वर्षी 1,000 ऐवजी 500 न्यूटन आणि पाच सेकंद एवढेच उद्दिष्ट ठेवा, असे मी सुचवेन. विशिष्ट आवेग (खर्च झालेल्या इंधन-ऑक्सिडायझरच्या वजनामागे मिळणारा आवेग) सुमारे 200 सेकंद धरला तर एकूण प्रवाह सेकंदाला 255 ग्रॅम येतो. ऑक्सिडायझर व इंधनाचे प्रमाण साडेसहा धरले तर त्यातले सुमारे 220 ग्रॅम नायट्रस आणि 34 ग्रॅम इंधन, म्हणजे पूर्ण चाचणीला सव्वा किलोच्या आत नायट्रस आणि 170 ग्रॅम इंधन. कक्षातला दाब 25 बार ठेवला तर नॉझलच्या घशाचा, म्हणजे सर्वांत अरुंद भागाचा, व्यास 14 मिलिमीटरच्या आसपास येतो. इंधनाच्या मधल्या भोकाचा व्यास सुरुवातीला 30 मिलिमीटर घेतला तर ऑक्सिडायझरचा प्रवाह चौरस मीटरला सेकंदाला सुमारे 310 किलो पडतो, आणि एचटीपीबी हे कृत्रिम रबर या स्थितीत सेकंदाला साधारण एक मिलिमीटर झिजते असे मानले तर ग्रेनची लांबी 40 सेंटिमीटरच्या जवळपास निघते. भोक जसजसे मोठे होते तसतसा प्रवाह विरळ होऊन झीज मंदावते, म्हणून मिश्रणाचे प्रमाण चाचणीभर सरकत राहते. पहिल्या इंजिनात हे सरकणे मान्य करून पुढे जावे.

पॅराफिन मेणाचा मोह अनेकांना होतो. त्याच्या पृष्ठभागावर वितळलेल्या मेणाचा पातळ थर तयार होतो आणि वायूचा प्रवाह त्यातून थेंब उचलून नेतो, त्यामुळे ते रबरापेक्षा तीन-चार पट वेगाने झिजते. ग्रेन आखूड होतो हे खरे, परंतु मेण थंड होताना आकसते, आत पोकळ्या राहतात, आणि ओतण्याची पद्धत हाताला बसेपर्यंत प्रत्येक ग्रेन वेगळा निघतो. पहिल्या इंजिनासाठी एचटीपीबी किंवा सरळ बाजारात मिळणारी एबीएस प्लॅस्टिकची जाड नळी घ्यावी. तिच्यातून उत्तम कामगिरी मिळणार नाही, पण एकसारखे ग्रेन मिळतील, आणि सुरुवातीला त्याचेच मोल अधिक आहे.

इंजेक्टर हा या इंजिनातला सर्वांत शिकवणारा भाग आहे. टाकी 50 बारवर आणि कक्ष 25 बारवर असताना, द्रव न उकळता वाहतो असे मानून साधे सूत्र लावले आणि प्रवाह-गुणांक (प्रत्यक्ष प्रवाह आदर्श प्रवाहाच्या किती पट) 0.65 घेतला, तर एक मिलिमीटर व्यासाची सात छिद्रे पुरतात असे उत्तर येते. प्रत्यक्षात नायट्रस उकळण्याच्या काठावरच असतो, छिद्रातून जाताना दाब उतरला की त्यातला काही भाग तेथेच वाफ होतो आणि प्रवाह सूत्रापेक्षा बराच कमी भरतो. किती कमी, हे छिद्राची लांबी, तोंडाची गोलाई आणि टाकीचे तापमान ठरवतात. यासाठी प्रगत सूत्रे आहेत, पण आपल्या इंजेक्टरचा आकडा आपल्याच चाचणीतून काढावा लागतो. कमी छिद्रे पाडून सुरुवात करा. छिद्र वाढवता येते, बुजवता येत नाही. इंजेक्टरवरची दाबाची घट कक्षाच्या दाबाच्या निदान 20 ते 30 टक्के असावी, नाहीतर कक्षातला चढउतार थेट नळीत शिरतो आणि इंजिन हादरे देत चालते.

या मोजमापासाठी चाचण्यांचा क्रम असा ठेवावा. आधी टाकी आणि ज्वलनकक्ष पाण्याने भरून कामाच्या कमाल दाबाच्या दीडपट दाबाला तपासावेत. हवेने हे कधीही करू नये, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याच्या मानाने कितीतरी अधिक असते. नंतर इंजेक्टरमधून पाणी सोडून सर्व छिद्रे सारखी वाहतात का ते पाहावे. त्यानंतर संपूर्ण यंत्रणा कार्बन डायऑक्साइडने भरून चालवावी. त्याचा रेणुभार नायट्रसइतकाच, म्हणजे 44 आहे, 20 अंशांना बाष्पदाब सुमारे 57 बार आहे आणि द्रवाची घनताही जवळची आहे, त्यामुळे भरणी, व्हेंट, व्हॉल्व्हची वेळ आणि नोंदयंत्रणा यांची खरीखुरी तालीम विघटनाच्या धोक्याविना होते. एक फरक मात्र ध्यानात असू द्यावा: दाब 5.2 बारच्या खाली गेला की द्रव कार्बन डायऑक्साइडचे शुष्क बर्फ होते आणि बारीक नळ्या तुंबतात, म्हणून दाबमापक शून्य दाखवत असले तरी पलीकडे अडकलेला दाब असू शकतो. बंद खोलीत हा वायू जीवघेणा ठरतो, तेव्हा हे काम उघड्यावरच करावे. ही तालीम चुकांशिवाय पार पडल्यावर नायट्रसचा शीत प्रवाह, आणि तोही जमल्यावर पहिले ज्वलन, तेही दोन सेकंदांचेच.

ज्वलनाच्या दिवशी कसोटी लागते ती प्रज्वलनाच्या क्रमाची. नायट्रस थंड इंधनावर आपणहून पेटत नाही. त्याला आधी भरपूर उष्णता लागते आणि ती देणारा इग्नायटर काही सेकंद स्थिर जळावा लागतो. इग्नायटर पेटल्याची खात्री होण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह उघडला तर कक्षात न जळलेले मिश्रण साठते आणि ते एकदम पेटल्यावर दाबाचा जो तडाखा बसतो त्यात झाकणाचे बोल्ट तुटू शकतात. त्यामुळे इग्नायटरवर जळून तुटणारी तार किंवा तापमान मोजणारे थर्मोकपल बसवावे आणि त्याचा संदेश आल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडणारच नाही अशी अट नियंत्रण यंत्रणेतच घालावी. माणसाच्या डोळ्यांवर आणि हाकेवर ही अट सोडू नये. इग्नायटरचे दारूकाम विद्यार्थ्यांनी स्वतः मिसळू नये. जेथे काम चालते तेथल्या कायद्याने परवानगी असलेली तयार वस्तू घ्यावी. ज्वलन संपताच नायट्रोजनने कक्ष आणि इंजेक्टर धुवावा, कारण व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही तापलेले इंधन धुमसत असते आणि ज्वाला मागे शिरण्याचा संभव तेव्हाच सर्वाधिक असतो.

प्रज्वलन फसले तर पुढे काय करायचे, हे आदल्या दिवशी लिहून ठेवलेले असावे. टाकी दुरूनच रिकामी करावी, दोन स्वतंत्र दाबमापकांनी शून्य दाखवावे, त्यांपैकी एक काटा असलेले साधे मापक कॅमेऱ्यासमोर असावे, आणि ठरलेला वेळ पुरा झाल्याशिवाय कोणीही आडोशाबाहेर पाऊल टाकू नये. दिवस मावळत आला आहे, सगळे थकले आहेत, आणि 'एक जोड घट्ट करून लगेच येतो' असे कोणीतरी म्हणते, त्या वेळी हा लिहिलेला कागद उपयोगी पडतो.

नोंदींबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळ क्लब ज्वालेच्या चित्रफितीवरच समाधान मानतात. टाकीचा दाब, इंजेक्टरच्या आधीचा दाब, कक्षाचा दाब, टाकीचे वजन आणि थ्रस्ट हे पाच आकडे एकाच घड्याळावर नोंदवले गेले पाहिजेत, आणि कक्षाच्या दाबाची नोंद सेकंदाला निदान हजार वेळा व्हावी, नाहीतर हादरे दिसतच नाहीत. थ्रस्ट मोजणाऱ्या लोडसेलचे कॅलिब्रेशन सर्व नळ्या जोडलेल्या आणि दाबाखाली असताना करावे, कारण ताठ नळी थ्रस्टचा काही भाग स्वतःच पेलते आणि आकडा कमी दाखवते. चांगल्या चाचणीत टाकीचा दाब सुरुवातीपासून हळूहळू उतरताना दिसतो, कारण द्रव वाफ होताना टाकी थंड होत जाते. मग एका ठिकाणी आलेख स्पष्टपणे मोडतो आणि थ्रस्ट झपाट्याने खाली येतो. तो बिंदू म्हणजे द्रव संपून नुसती वाफ वाहू लागल्याचा क्षण. त्या क्षणापर्यंतचे वजन, चाचणीआधी व नंतर तोललेला ग्रेन आणि नॉझलच्या घशाचा मोजलेला व्यास एवढ्यावरून सरासरी मिश्रण-प्रमाण, झिजेचा वेग आणि ज्वलनाची कार्यक्षमता हाताने काढता येते. ग्रॅफाइटचा घसा झिजला असेल तर कक्षाचा दाब शेवटी का उतरला याचा उलगडाही तेथेच होतो. चाचणीनंतर ग्रेन उभा चिरून पाहायला विसरू नका. इंजेक्टरच्या छिद्रांसमोर खोल खाचा पडल्या असतील तर द्रव वाफ होण्याआधीच इंधनावर आदळत आहे, आणि इंजेक्टर व ग्रेन यांच्यामध्ये अधिक मोकळी जागा हवी, असे ते खाचांचे चित्र सांगते.

टाकी स्वतः बनवावी का, याचे माझे उत्तर पहिल्या वर्षासाठी स्पष्ट नकारार्थी आहे. जमिनीवरच्या चाचणीला हलकी टाकी लागत नाही. प्रमाणित, जाड भिंतीची, नायट्रसला चालणारी टाकी विकत घ्यावी आणि तिला दाबाने फुटणारी चकती व रिलीफ व्हॉल्व्ह दोन्ही लावावेत. उड्डाणाची हलकी टाकी हा पुढच्या वर्षाचा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि तिचे आरेखन दाबपात्रे जाणणाऱ्या प्राध्यापकांनी किंवा बाहेरच्या अभियंत्यांनी तपासून सही केल्याशिवाय तिच्यात नायट्रस जाता कामा नये.

ज्ञान टिकवण्याच्या प्रश्नाला क्लब सहसा अहवालाने उत्तर देतात, आणि तो अहवाल पुढची तुकडी क्वचितच उघडते. त्यापेक्षा चाचणीची कार्यपद्धती हाच मुख्य दस्तऐवज माना. तिच्यातली प्रत्येक पायरी एकाने मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने करावी आणि वाचणाऱ्याने खूण करावी. बदल करावासा वाटला तर चाचणी थांबवून, कारण लिहून, सर्वांसमोर करावा. जुनी तुकडी बाहेर पडण्यापूर्वी नव्या तुकडीने कार्बन डायऑक्साइडची पूर्ण तालीम स्वतः चालवून दाखवावी आणि त्या वेळी जुन्यांनी फक्त पाहावे. परीक्षा तोंडावर असताना हे नको वाटते, म्हणून त्याची तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलेली बरी.

आता तुमच्या 1,000 न्यूटनविषयी. लहान इंजिनाच्या लागोपाठ तीन चाचण्यांत एकूण आवेग आणि कक्षाचा दाब आधी लिहून ठेवलेल्या अंदाजाच्या दहा टक्क्यांच्या आत आला, की मोठ्याकडे वळावे. तेव्हा घसा 14 वरून साडेएकोणीस मिलिमीटरच्या आसपास जाईल, छिद्रांची संख्या दुप्पट होईल, ग्रेन जाड व लांब होईल आणि टाकीत अडीच किलोच्या जवळपास नायट्रस लागेल. भरणीची नळी, व्हेंट, नियंत्रण यंत्रणा आणि कार्यपद्धती मात्र जवळजवळ तशाच राहतील. म्हणूनच चाचणीचा सांगाडा, लोडसेल, आडभिंत आणि मुख्य नळीचा व्यास आजच मोठ्या इंजिनाच्या हिशेबाने घ्या, आणि सांगाड्याचे बोल्ट निदान 4,000 न्यूटनचा भार पेलतील असे निवडा, म्हणजे फसलेल्या प्रज्वलनाचा तडाखाही त्यांच्या आवाक्यात राहील.